बनसोडांची सात बाकं

मे महिन्यात भर दुपारी नागपुरात कुठे बसावं, हे ज्या माणसाने मला शिकवलं तो माणूस नोकरीच्या सबंध काळात एकदाही बाकावर बसला नाही. दयाराम बनसोड त्यांचं नाव. उद्यान विभागात ते सुपरवायझर होते आणि मी त्याच विभागात ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचे, एवढंच माझं काम. ऑफिसात मी एकटी बाई, त्यामुळे सगळे माझ्याशी जरा जपून बोलत. बनसोडभाऊ मात्र पहिल्या दिवसापासून सरळ भांडायला लागले, आणि मला ते फार आवडलं.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. शहरात तलावाकाठी मुलांची एक खेळबाग होती. छोटी आगगाडी, आकाशपाळणा, हसरे आरसे, सिमेंटचा हत्ती आणि त्याच्या सोंडेची घसरगुंडी. आज कुणाला त्याचं काही वाटणार नाही, पण त्या काळी उन्हाळ्याच्या सुट्टीत कामठी-कन्हानकडून बसगाड्या भरभरून लोक येत. या बागेच्या मधोमध एक मोठा गोल चौक होता. आगगाडीतून उतरून पाळण्याकडे जायचं तर चौक ओलांडावाच लागे. संपूर्ण फरशी, मध्ये सिमेंटचं कमळ आणि त्यातून उडायचं कारंजं. हे कारंजं मी उडताना पाहिलं ते एकदाच, तेही तपासणीच्या दिवशी. चौकात झाड म्हणाल तर दक्षिणेच्या कडेला एक जुना कडुनिंब, आणि बसायला म्हणाल तर काही नाही.

बनसोडभाऊ उंचेपुरे, काळेसावळे. खाकी शर्ट, डोक्याला पांढरा दुपट्टा, आणि मार्चपासून जूनपर्यंत शर्टाच्या खिशात एक कांदा. लू लागू नये म्हणून आमच्याकडे पुष्कळ जण कांदा बाळगतात, पण बनसोडांचा कांदा कागदपत्रांच्या गठ्ठ्यावर, साहेबांच्या टेबलावर, कुठेही निघे. काखेत घडी केलेलं एक तरट असे. कोणत्याही बागेत काही करायचं ठरलं की ते आधी ते तरट जमिनीवर टाकून बसत. तासभर, दोन तास, कधी अख्खा दिवस. मग हातातल्या डब्यातली चुन्याची फक्की चिमटीने सोडत सावलीच्या कडेने एक रेघ ओढत. तासाने दुसरी. संध्याकाळपर्यंत झाडाभोवती रेघांचं जाळं होई आणि माळी त्यात पाय पडू नये म्हणून उड्या मारत चालत.

"बसून पाहा, मंग बोला," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. दुसरं वाक्य खास माझ्यासाठी होतं. मी गिरवलेला नकाशा हातात घ्यायचे, उजेडात धरायचे, कौतुकाने मान हलवायचे आणि म्हणायचे, "लय सुंदर काढला बाई. पण कागदावर ऊन नाही लागत."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी भडकले. म्हटलं, "उत्तर दिशा दाखवली आहे की बाणाने. तेवढ्यावरून ऊन कळतं."

"कळते ना जी. चला, तुमच्या बाणावर बसून दाखवा."

आणि खरोखर त्यांनी मला एप्रिलच्या दुपारी एक वाजता त्या चौकात नेलं. कारंज्याच्या कठड्यावर बसायला सांगितलं. मी नऊवारी नेसणाऱ्या आईची मुलगी, हट्टाला कमी नव्हते. बसले. दहा आकडे मोजायच्या आत उठले. बनसोड हसले नाहीत. फक्त म्हणाले, "तुमाले उठता आलं. जिच्या मांडीवर लेकरू झोपलं हाय, तिनं काय करावं?" मग त्यांनी तिकीटघराकडे बोट दाखवलं.

तिकीटघराच्या भिंतीला लागून हातभर सावलीची पट्टी होती आणि त्या पट्टीत दहा-बारा बायका ओळीने, पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. मुलं पाळण्यात गेलेली. थोड्या वेळाने पलीकडच्या टोकाची बाई म्हणाली, "सरका वं, ऊन आलं." सगळी ओळ पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, झोपलेली तान्ही घेऊन वीतभर सरकली. पुन्हा काही वेळाने, "सरका वं." दुपारभर त्या बायका अशा भिंतीच्या कडेकडेने सरकत राहायच्या. मी त्या बागेत शंभर वेळा गेले असेन. हे मला कधी दिसलं नव्हतं.

बनसोडांच्या आयुष्याची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनीच कळली. कन्हानजवळचं गाव. तरुणपणी एका मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, बंगल्यावर बागेला पाणी घालायला होते. त्या बागेत आंब्याखाली एक लोखंडी बाक होतं, पाठ असलेलं, हिरव्या रंगाचं. रोज सकाळी ते पुसायचं काम यांच्याकडे. "अकरा वर्षं पुसलं बाई मी ते. बसलो नाही एक डाव बी." का, असं मी विचारलं नाही. त्यांचा समाज कोणता आणि गाव कसं असेल हे मला न सांगता कळण्यासारखं होतं. दीक्षा घेतली त्या दिवसाबद्दल मात्र ते आपणहून बोलत. दिवसभर गर्दीत उभे होते म्हणे, पण पाय दुखले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात बंगल्यावरचं काम सोडलं आणि नागपुरात रोजंदारीवर माळी म्हणून लागले. तिथून सुपरवायझरपर्यंत आले ते निव्वळ हाताच्या गुणावर.

एकदा सबंध विभागात बाकांचं नवं डिझाइन आलं. बिनपाठीचं, नुसती सिमेंटची पाटी आणि दोन पाय. स्वस्त आणि मजबूत. बनसोड त्यावर सही करेनात. "बाकाले पाठ पायजे," एवढंच म्हणायचे. साहेब म्हणाले, लोक जास्त वेळ बसून राहतात पाठ असली की. बनसोड म्हणाले, "मंग बाक काहून लावून राहिलो जी आपण?"

हे साहेब म्हणजे आमचे मुख्य अधिकारी. पुण्याकडून बदलून आलेले, मनाने चांगले, हात तर असा की पेन्सिल टेकली की कमान उभी राहायची. पण त्यांना कारंज्यांचा सोस होता. खेळबागेचा चौक नव्याने करायचं मंजूर झालं तेव्हा त्यांनी रंगीत दिव्यांचं तिमजली कारंजं काढलं. भोवती आणखी फरशी. ते मी गिरवलंही होतं आणि मला, खरं सांगायचं तर, छान वाटलं होतं.

त्याच आठवड्यात चौकात एक पोर भाजली. सहा-सात वर्षांची मुलगी, आगगाडीतून उतरताना तिची एक चप्पल रुळांत पडली. पाळण्यासमोरची रांग पुढे सरकत होती म्हणून ती तशीच धावत निघाली. चौकाच्या मध्यापर्यंत पोहोचली आणि तिथेच थांबली. पुढे जाता येईना, मागे येता येईना, एका पायावर उभी राहून किंचाळायला लागली. बनसोडांनी धावत जाऊन तिला उचललं. तळपायाला फोड आले होते. आईला शोधून दवाखान्यात पोचवून ते ऑफिसात आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. माझ्या टेबलावर तो रंगीत कारंज्याचा नकाशा पसरलेला होता. त्यांनी त्यावर आपला कांदा ठेवला, बरोबर कारंज्याच्या जागी.

"पुढल्या उन्हाळ्याच्या आत," ते म्हणाले, "हा चौक बदलला पायजे. इथं बगीचा पायजे, मांडव पायजे, बाकं पायजे. कारंजं नाही."

"साहेब ऐकतील?"

"साहेबाले बसवू."

आणि त्यांनी साहेबांना बसवलं. चौकाच्या कामाची बैठक जागेवरच घ्यावी, अशी चिठ्ठी त्यांनी पाठवली. साहेबांना कल्पना पसंत पडली. सकाळी साडेअकराला बनसोडांनी तिकीटघराच्या सावलीत सहा लोखंडी खुर्च्या मांडल्या, टेबल ठेवलं, पाण्याचा माठ ठेवला. सगळं अगदी व्यवस्थित. साहेब, दोन इंजिनीअर, मिस्त्री गुलाबराव आणि नकाशा धरायला मी. साहेब कारंज्याच्या दुसऱ्या मजल्याबद्दल बोलत होते तेव्हा ऊन त्यांच्या बुटांवर आलं. खुर्ची मागे घेतली. तिसऱ्या मजल्यापर्यंत ऊन गुडघ्यावर. पुन्हा खुर्च्या सरकल्या. टेबल जिथल्या तिथे राहिलं, नकाशा उन्हात, माणसं भिंतीला चिकटलेली. शेवटी साहेबांच्या खुर्चीची पाठ भिंतीला लागली आणि मागे सरकायला जागा उरली नाही. तेवढ्यात पलीकडे बसलेल्या बायकांमधली एक जण सवयीने म्हणाली, "सरका वं, ऊन आलं."

गुलाबराव मिस्त्रीला हसू आवरेना. त्याने दुपट्टा तोंडात कोंबला. साहेबांनी त्या बायकांकडे पाहिलं, मग बनसोडांकडे पाहिलं. बनसोड एवढा वेळ उन्हातच उभे होते, खिशात कांदा घालून. साहेब म्हणाले, "बनसोड, तुम्ही हे मुद्दाम केलंत."

"हो जी," बनसोड म्हणाले.

साहेब मोठ्या मनाचे, म्हणून ते रागावले नाहीत. कारंजं रद्द झालं. नकाशा बनसोडांच्या सांगण्यावरून करायचा ठरला. पुढल्या उन्हाळ्याच्या सुट्टीला चौक खुला झाला पाहिजे, ही एकच अट.

मग तो सबंध मे महिना बनसोड कडुनिंबाखाली तरट टाकून बसले. बारापासून चारपर्यंत दर तासाला चुन्याची रेघ. मी छत्री घेऊन जायची आणि त्या रेघांची मापं खोडापासून मोजून कागदावर उतरवायची. निंबाच्या खोडापासून दहा हातांवर अर्धगोलात सात बाकं ठेवली तर दुपारभर सगळी सावलीत राहतात, हे त्या मापांवरून निघालं. त्यांनी कागद उजेडात धरला. "सुंदर काढला," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य मी त्यांच्या आधी म्हणून टाकलं. ते खूप हसले.

पावसाळ्यात निम्मी फरशी उखडली. काळी माती भरली, सोनखत घातलं. लकडगंजातून सागाच्या बल्ल्या आणून मांडव उभा केला आणि त्याच्या पायाशी मधुमालती लावली. मोगरा, सदाफुली, कण्हेर. करंजाची रोपं लावताना बनसोड म्हणाले, "हे माह्यासाठी नाही, तुमच्या नातवाईसाठी." माझं तेव्हा लग्नही झालं नव्हतं.

याच दिवसांत एक बातमी आली. उद्यान अधीक्षकाची जागा रिकामी होणार होती आणि यादीत बनसोडांचं नाव वर होतं. रोजंदारीवर लागलेला माळी त्या खुर्चीपर्यंत पोचणार, हे आमच्याकडे पहिल्यांदाच घडत होतं. माळ्यांनी तर आधीच त्यांना अधीक्षकसाहेब म्हणून छळायला सुरुवात केली. बनसोड वरवर दटावत, पण त्यांच्या बायकोने कन्हानला माहेरी सांगून टाकल्याचं त्यांनीच मला लाजत लाजत सांगितलं. ऑर्डर उन्हाळ्यात निघणार होती.

आणि मग डिसेंबरात ती चूक झाली.

बाकं घट्ट रोवायला गुलाबराव मिस्त्री माणसं घेऊन आला. त्याला दुसऱ्या कामावर जायचं होतं, दोनच दिवस हातात होते. चुन्याच्या रेघा पावसात कधीच धुऊन गेल्या होत्या. मी कागद घेऊन गेले. बनसोडांनी तो घेतला, बाजूला ठेवला. "कागद राहू द्या," म्हणाले, आणि जमिनीकडे पाहिलं. हिवाळ्यातली दुपार, निंबाची सावली उत्तरेला लांबवर पडलेली. त्यांनी सावलीच्या कडेने रेघ ओढली. मग म्हणाले, "हिवाळ्याचं ऊन तिरपं राहते, मले मालूम आहे. आठ पावलं आत घेतो." आठ पावलं मोजून खूण केली. मध्ये मोगऱ्याचा वाफा छान बसत होता.

मी माझ्या कागदावर बघितलं. कागदात बाक खोडापासून दहा हातांवर होतं, जमिनीवर अठरा हातांवर. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, माझंच माप चुकलं असेल. वर्षभर ज्याने ऐकवलं होतं की कागदावर ऊन लागत नाही, त्याच्यापुढे मी कागद कसा धरणार? पण खरं कारण एवढंच की मी भित्रेपणा केला. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

बाकं बसली. पाठ असलेली, रुंद, हात ठेवायला कडा असलेली सात बाकं. जानेवारीत सगळी सावलीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये निंबाची पानं झडली, तेव्हा सावलीचा प्रश्नच नव्हता. चैत्रात पालवी फुटली, एप्रिल संपता संपता झाड पुन्हा भरगच्च झालं. उद्घाटनाला दहा दिवस उरले होते. एका दुपारी मी डबा खायला मांडवाखाली गेले तर बनसोड निंबाच्या खोडाशी तरटावर बसलेले. माझ्याकडे बघेनात. झाडाची सगळी सावली त्यांच्याभोवती, पायथ्याशी गोळा झाली होती. सावली संपल्यावर मोगऱ्याची कड आणि तिच्यापलीकडे, रणरणत्या उन्हात, ओळीने सात बाकं.

ते उठले. एका बाकाजवळ गेले, त्यावर पंजा टेकवला आणि तसाच ठेवला. मी ओरडले, "भाऊ, हात काढा." त्यांनी काढला तेव्हा तळवा लालबुंद झाला होता.

"बसून पाहा म्हनून सगळ्याले सांगतो," ते म्हणाले, "अन् मी उभ्या उभ्या आठ पावलं मोजली."

मला रडू येत होतं. मी म्हटलं, चूक माझीही आहे, मला फरक दिसला होता. ते म्हणाले, "तुमचा कागद कुठं आहे?" मी कागद आणून दिला. त्यांनी तो मोजून पाहिला, दहा हातांवर पाय रोवून उभे राहिले. तिथे त्यांच्या अंगावर उन्हाचा कवडसासुद्धा नव्हता.

साहेब धावत आले. सगळं पाहिलं. समजुतीने म्हणाले, "बनसोड, उद्घाटन संध्याकाळी सहाला आहे. त्या वेळी सगळीकडेच सावली असते. कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही. पुढल्या वर्षी दुरुस्तीत बघू."

"उद्घाटन एक दिवस आहे जी. दुपार रोज आहे."

"नवं काम फोडायचं म्हणजे लेखी कारण द्यावं लागेल. तुमचं नाव वर गेलंय, हे लक्षात आहे ना? थोडं थांबा. ऑर्डर हातात पडू द्या."

बनसोडांनी तिकीटघराच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे त्या दिवशीही बायका बसलेल्या होत्या, मागच्या वर्षीसारख्याच, कारण चौक अजून दोरी बांधून बंद ठेवला होता. "त्याहीले काय सांगू?" ते म्हणाले. "माही ऑर्डर निघेस्तोवर सरकत राहा म्हनून?"

मी साहेबांना बाजूला गाठून सांगितलं की नकाशाच चुकला असं लिहा, माझ्या नावावर घाला, माझी कुठे बढती अडली आहे. साहेब तयार झाले होते. बनसोडांना कळलं तेव्हा ते माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचं संतापले. "तुमचा कागद बरोबर होता. बरोबर कागदाले खोटा पाडता? लिहा, मी सांगतो." माझ्यापुढे कोरा कागद सरकवला आणि उभ्याने सांगू लागले. बाकांची जागा मी ठरवली. नकाशा बरोबर असून मी तो पाहिला नाही. बाकं काढून नकाशाप्रमाणे बसवण्यास परवानगी असावी. खाली सही केली, तळव्याला फोड आलेल्या हाताने, म्हणून ती जरा वाकडी आली. तो कागद मी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

परवानगी मिळाली. पुढच्या आठ दिवसांत सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चारनंतर काम चाललं. सब्बलीने, म्हणजे पहारीने, पाया मोकळा करायचा, बाक अख्खं उचलायचं, खाली लाकडी बल्ल्या घालून घरंगळत आठ हात आत आणायचं. माळी, गुलाबराव आणि सगळ्यांच्या पुढे बनसोड, हाताला फडकं गुंडाळून. मोगऱ्याचा वाफा वाटेत येत होता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने उपटला आणि बाकांच्या मागे लावला. पाचवं बाक उचलताना त्याची पाठ तडकली. गुलाबराव म्हणाला, नवं ओततो. बनसोड म्हणाले, "सांधा. राहू द्या दिसू." त्या बाकाच्या पाठीवर सांध्याची जाड रेघ राहिली.

उद्घाटन झालं तेव्हा बाकांचे पाय ओल्या तरटांत गुंडाळलेले होते. पाहुण्यांनी विचारलं हे काय, साहेब म्हणाले, सिमेंटला पाणी पाजतोय. दुसऱ्या सोमवारी दुपारी दोरी सोडली. तिकीटघराच्या भिंतीजवळच्या बायका आधी जागच्या हलेनात, त्यांना वाटलं हे कुणा मोठ्या लोकांसाठी असेल. बनसोड स्वतः गेले. "या जी, बसा. तुमच्यासाठीच आहे." एक म्हातारी आली, बाकाला हात लावून पाहिला आणि मागे वळून बाकीच्यांना म्हणाली, "थंड हाय वं." मग सगळ्या आल्या. बनसोड लांब उभे राहून घड्याळ पाहत होते. चार वाजेपर्यंत कुणीही सरकलं नाही.

अधीक्षकाची ऑर्डर निघाली ती दुसऱ्याच्या नावाने. मला त्या दिवशी इतका राग आला की मी शाईची बाटली टेबलावर आपटली आणि दोन दिवसांचं काम खराब केलं. बनसोड मात्र नव्या अधीक्षकांना घेऊन सगळ्या बागा दाखवून आले, नेहमीसारखेच, काखेत तरट घेऊन. त्यांना वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. कन्हानला ते पुष्कळ दिवस गेले नाहीत. पण त्याच उन्हाळ्यात त्यांनी आणखी तीन बागांत सावलीच्या रेघा ओढल्या आणि या वेळी प्रत्येक रेघ माझ्याकडून कागदावर उतरवून घेतली. कागद उजेडात धरून म्हणायचे, "याच्यावर ऊन लागते बाई." सुपरवायझर म्हणूनच ते निवृत्त झाले. बाकावर ते तेव्हाही बसत नसत. ड्युटीवरचा माणूस बाक अडवत नाही, असं म्हणायचे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बऱ्याच वर्षांनी, ऐंशी सालानंतर. माझं लग्न झालं होतं, बदलीच्या गावाहून उन्हाळ्यात माहेरी आले होते. मुलीला आगगाडीत बसवायला खेळबागेत गेले. मुद्दाम दुपारी एकलाच गेले. मधुमालतीने मांडव भरून गेला होता, करंज डोक्याच्या वर गेले होते. निंबाखाली सातही बाकं माणसांनी भरलेली. आणि खोडाशी, तरटावर, पांढऱ्या दुपट्ट्यातला एक म्हातारा बसलेला.

मी जवळ जाऊन नमस्कार केला. डोळ्यांवर हात धरून त्यांनी मला ओळखलं. "बाई! कागद आणला का?" म्हणाले. शर्टाच्या खिशात कांदा होताच.

"भाऊ, आता तर ड्युटी नाही. मग खाली का बसलात?"

त्यांनी बाकांकडे हात केला. चेहरा असा फुलला होता, जणू घरचं लग्न आहे. "जागाच नाही ना जी," म्हणाले. "घंटाभर पाहून राहिलो. उठतच नाही कोणी."

त्यांचं बोलणं पाचव्या बाकावरच्या बाईने ऐकलं. कामठीकडची असावी, मांडीवर तान्हं झोपलेलं, शेजारी मोठी मुलगी पाय हलवत बसलेली. ती या म्हाताऱ्याला ओळखत नव्हती. ओळखायचं काही कारणही नव्हतं. तिने मुलीला कोपराने ढकललं. "सरक वं, बाबाले बसू दे." आणि यांच्याकडे वळून म्हणाली, "या बाबा, बसा इथं."

बनसोड उठले. गुडघ्यांवर हात ठेवत, हळूहळू. मी सांगणार होते तिला की हे कोण आहेत, पण त्यांनी माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली. बाकाजवळ गेले. खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि बाकाची ती रिकामी जागा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट पुसली. पाठही पुसली, सांध्याच्या रेघेवरून दोनदा. मुलगी त्यांच्याकडे टकामका बघत होती.

"बसा ना बाबा," ती बाई पुन्हा म्हणाली, "साफच आहे ते."

"हो जी," बनसोड म्हणाले, आणि बसले. आधी कडेला, मग थोडे आत. मग त्यांनी पाठ टेकली.